निरोप कोणाच्या दारी?

मोटारसायकल क्लबातला एक तरुण आणि अग्निशामक दलातला दुसरा, अशा दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा अमेरिकेत अलीकडे पुष्कळ लिहिल्या जातात. सवंग रंजन म्हणून त्या बाजूला सारणे सोपे आहे. परंतु नायकांची ही निवड सहज झालेली नाही. अमेरिकन समाजाने पौरुषाच्या ज्या प्रतिमा पूजिल्या, त्यांतल्याच या दोन. समलिंगी पुरुष म्हणजे दुबळा, या समजुतीच्या मुळावरच त्या घाव घालतात.

त्यामागे इतिहासही आहे. लॉस एंजेलिस येथे १९५४ साली 'सॅटर्स' हा समलिंगी पुरुषांचा मोटारसायकल क्लब स्थापन झाला. त्या काळी कॅलिफोर्नियात असे संबंध हा गुन्हा होता. तो कायदा रद्द करण्याचा निर्णय व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले.

अग्निशामक दलाची गोष्ट याहून अवघड. तेथे जवान एकाच ठाण्यात जेवतात, झोपतात आणि एकमेकांच्या भरवशावर आगीत शिरतात. अशा ठिकाणी आपले घर कोणाबरोबर आहे हे लपवावे लागणे म्हणजे जिवाभावाच्या सोबत्यांतही परके राहणे होय. न्यूयॉर्कच्या दलाचे धर्मोपदेशक फादर मायकेल जज हे समलिंगी होते. निवडक लोकांनाच ते ठाऊक होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्रात जवानांसमवेत असताना त्यांना मृत्यू आला. पुढे २००२ साली त्यांच्या नावाने अमेरिकेत एक कायदा झाला. कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानाला पत्नी वा मूल नसेल, तर त्याने आयुर्विम्यात नाव दिलेल्या व्यक्तीस सरकारची अडीच लाख डॉलरची मदत मिळू लागली. ती व्यक्ती त्याचा पुरुष जोडीदारही असू शकत होती. तोवर पती-पत्नी, मुले आणि आईवडील यांच्यापलीकडे कायद्याची दृष्टी जातच नव्हती.

आपल्याकडे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला; २०२३ साली मात्र अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे प्रेमाची शिक्षा गेली, पण नात्याची नोंद झाली नाही.

कथा शेवटच्या पानावर दोघांना सुखी करून मोकळी होते. खरी कसोटी त्यापुढची आहे. नायक आगीतून परतलाच नाही, तर निरोप कोणाच्या दारी जाणार? या प्रश्नाचे उत्तर लेखकाने नव्हे, कायद्याने द्यावयाचे असते.