स्लॅबवरचं कॉलेज

मे महिन्याची ४ तारीख, साल २०२१. सकाळचे अकरा वाजलेत आणि स्लॅब आत्ताच चटके देतोय. माझी पुतणी पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला, हातभर सावलीत पोतं टाकून बसलीय. माण तालुक्यातल्या आमच्या गावात रेंज धड येते ती इथेच, वर. फोन टाकीला टेकवून ठेवलाय, कारण पाण्यामुळे ती बाजू गार राहते. नाहीतर तो तापून बंद पडतो. शेजारी चौरसियांच्या ॲनाटॉमीचा पहिला खंड. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यावर खलबत्त्यातला बत्ता.

एमबीबीएसचं पहिलं वर्ष आहे. कोरोनापायी नीटची परीक्षाच सप्टेंबरात झाली, त्यामुळे कॉलेज सुरू व्हायला फेब्रुवारी उजाडला. पहिला महिना फाउंडेशन कोर्समध्ये गेला. डायसेक्शन हॉलचं दार जरा कुठे उघडलं, तोवर दुसरी लाट आली आणि हॉस्टेल रिकामं करायचा निरोपही. नवाकोरा ॲप्रन खाली खुंटीला लटकतोय. वहिनी तो मधूनमधून धुऊन इस्त्री करते. कशासाठी, ते कोणी विचारत नाही.

फोनमधले सर आज कोपराच्या पुढचा खळगा शिकवतायत, क्युबिटल फॉसा. पडद्यावर दीडशेच्या बॅचमधली बहुतेक नावं दिसतात, चेहरा एकही नाही. सर मध्येच विचारतात, "ऑडिबल आहे ना?" चॅटमध्ये "येस सर"ची रांग लागते. त्यातले ऐकणारे किती, हे सरांनाही ठाऊक असावं. ते पुढची स्लाइड लावतात.

"आबा, बाही वर करा."

बाजेवर बसलेले आबा हात आखडून घेतात. "टोचणार असशील तर आधी सांग. परवाच लस घेतलीय."

"टोचत नाही. मी हात धरते, तुम्ही जोर लावून कोपर वाकवा."

आबांच्या दंडाला चरबी अशी नाहीच. कोपर वाकताच बायसेप्सची टेंडन सोलासारखी ताठ वर येते. पुतणी ती चिमटीत धरून पाहते, मग हात सैल सोडायला लावून टेंडनच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवते. थोडी दाबते, सरकवते, पुन्हा दाबते. आणि थांबते. धमनी सापडलीय. पुस्तकात लाल रंगात छापलेली ब्रेकियल आर्टरी तिच्या बोटांखाली ठोके देतेय, आणि फोनमध्ये सर नेमकं तेच सांगतायत, की बीपी घेताना स्टेथोस्कोप इथेच ठेवायचा. तिच्याकडे स्टेथोस्कोप आहे. बीपीचं मशीन नाही.

"हिच्याही आतल्या अंगाला मीडियन नर्व्ह असते," ती मला दाखवते. "पण काका, ती अशी नाही कळत. उघडूनच बघावी लागते. आणि हॉलमध्ये सगळं एकाच रंगाचं असतं. लाल नाही, निळं नाही, पिवळं नाही. चरबी बाजूला करत करत शोधायचं." यूट्यूबवरच्या डायसेक्शनच्या व्हिडिओंवर तिचा राग आहे तो त्यामुळेच. तिथे शोधायचं काम दुसऱ्याच कोणीतरी आधी उरकलेलं असतं.

थिअरीबद्दल तिची तक्रार नाही. गर्भात हृदयाची सरळ नळी वळून दुमडते कशी, ते फळ्यावर कधीच कळलं नसतं, पडद्यावरच्या ॲनिमेशनमध्ये पटकन कळलं, असं ती कबूल करते. गंमत झाली ती कालच्या फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलची. सालीच्या पद्धतीनं हिमोग्लोबिन मोजायचं होतं. मॅडमनी स्वतःचं बोट टोचलं, रक्त नळीतल्या आम्लात सोडलं, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालत राहिल्या. "जुळला का?" असं त्यांनी विचारलं. प्रत्येकाच्या फोनवर तपकिरी वेगळा! शेवटी मॅडमनीच आकडा सांगितला आणि सगळ्यांनी तो जर्नलमध्ये उतरवला. माझ्या मते हे शिकणं नव्हे, शिकल्याची नोंद आहे. पण मॅडमनी तरी दुसरं काय करावं?

"डॉक्टरीणबाई हाय का वर?"

खाली अंगणात शेजारचा मुलगा उभा आहे. तोंडाला रुमाल, हातात स्कॅनची मोठी पिशवी. तो पायरी चढत नाही, तिथूनच ओरडतो, "तात्यांचा स्कोर तेरा आलाय पंचवीसपैकी. बघतेस का जरा?"

पुतणी कठड्याशी जाते. "दादा, मला अजून छाती शिकवलेली नाही. हातच चाललाय." हे शब्दशः खरं आहे. बत्त्याखालच्या त्याच पुस्तकात छातीचा भाग हातानंतर येतो आणि ती पानं अजून कोरी आहेत. पण गावाला खंड आणि प्रकरणं कोण सांगणार? कालच पंतप्रधानांच्या कार्यालयानं जाहीर केलंय, की शेवटच्या वर्षाची मुलं सौम्य रुग्णांवर देखरेख ठेवायला घेता येतील. गावानं तिला त्याआधीच नेमून टाकलंय.

"ऑक्सिजन किती आहे?"

"आशाताईंनी मघाशी बोटाला लावलं होतं. एकोणनव्वद."

तिचा आवाज बदलतो. "चालून आल्यावर का बसल्या बसल्या?"

"झोपूनच हाईत."

"मग इथे कशाला थांबलायस? स्कोर राहू दे. गाडी बघ, आत्ताच्या आत्ता हलवायला लागतंय. पालथं झोपव त्यांना तोवर." ती फोन उचलते, लेक्चर बंद करते आणि कोविड वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या एका इंटर्न सीनियरला लावते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो उचलतो. बेड नाही, पण तालुक्याला ऑक्सिजन मिळेल, तिथे आधी न्या, असं सांगतो. ती तसंच खाली ओरडून सांगते. मी गाडीवाल्याचा नंबर शोधतो. वहिनी पदरानं तोंड झाकून फाटकाशी येते. एक जीप वळताना ऐकू येते.

पुतणी पुन्हा लिंकवर जाते तेव्हा वर्ग संपलाय. हजेरीचा फॉर्म शेवटची पाच मिनिटं उघडा होता, तोही बंद झालाय.

"खरं काय ते लिही की सरांना," मी म्हणतो.

"एवढं कोण वाचतंय, काका." ती ग्रुपवर टाइप करते, सर, रेंज गेली होती. मग चार्जर घेऊन जिन्याकडे पळते. दोन वाजता बायोकेमिस्ट्री आहे आणि लाइट बारापर्यंतच.