दुकान मावशीचं, क्यूआर काकांचा

आजचा विषय आहे बायकांना धंद्यासाठी कर्ज का मिळत नाही. पण आधी एक कबुली देतो, कारण या गोष्टीत घोळ मीच घातलाय.

बार्शीला माझी मावशी शेंगा चटणी आणि मसाले करून विकते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो होतो, तेव्हा सुट्ट्या पैशांवरून एका गिऱ्हाइकाची कटकट चालली होती. मी म्हटलं, "मावशी, थांब, तुला क्यूआर लावून देतो. पाच मिनिटांचं काम." मावशीकडे बटणांचा फोन, स्मार्टफोन काकांकडे. त्यावर त्यांचं खातं आधीच जोडलेलं. मग काय, काकांच्याच नावाचा क्यूआर काढला, भिंतीवर चिकटवला, फोटो स्टेटसला टाकला. इंजिनिअर भाच्याने दुकान डिजिटल केलं!

मागच्या वर्षी मावशीला कांडप मशीन घ्यायचं होतं. 80 हजार हवे होते. बँकेत गेली, तर साहेबांनी खात्याचा वर्षभराचा उतारा मागितला. त्यात काय होतं? लाडकी बहीणचे 1,500 रुपये, बचत गटाची थोडी देवाणघेवाण आणि बाकी शून्य. तीन वर्षांची सगळी ऑनलाइन विक्री काकांच्या खात्यात. साहेब तसे नीट बोलले, पण कागदावर मावशीचा धंदाच नव्हता, ते तरी काय करणार? आणि त्याच महिन्यात काकांच्या फोनवर नोटिफिकेशन आलं, 'तुमच्या व्यवसायासाठी कर्ज मंजूर'. काका एसटीतून रिटायर झालेत. त्यांनी आयुष्यात चटणी कुटलेली नाही.

आता हे असं का होतं ते बघू. कर्ज देणारा दोन गोष्टी बघतो. पैसे परत कशातून येणार, आणि नाहीच आले तर हातात काय राहणार. दुसरी गोष्ट म्हणजे तारण. घर कोणाच्या नावावर, सातबारा कोणाचा? 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. पण आपल्याकडे हक्कसोड पत्र नावाचा कागदही आहे, आणि बहिणीने भावासाठी त्यावर मुकाट्याने सही करायची ही रीतही. माझ्या आईने आणि मावशीने, दोघींनी केलीय.

तारणाचा प्रश्न मुद्रा योजनेने बराच सोडवला. 2015 पासून आहे ती. 50 हजारांपर्यंत शिशू, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर, मग 10 लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. म्हणजे मावशीचं प्रकरण किशोरमध्ये बसत होतं. अडलं ते पहिल्या गोष्टीवर. धंदा दिसायला तर हवा ना!

वर सिबिल. तो स्कोअर 300 ते 900 असतो हे तुम्हाला माहीत असेल. पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याला -1 दाखवतात. मावशी ते बघून हबकली, तिला वाटलं आपण नापास झालो. तसं नाहीये. -1 म्हणजे पाटी कोरी. आणि पाटी कोरी आहे एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, काउंटरवर कामी येतं.

इथे मला माणदेशी बँक आठवते. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड, कायमचा दुष्काळी भाग. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला रोज थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम एवढी छोटी की कुठली बँक खातं उघडेना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी ठरवलं, बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला लावा, बघू कोण आधी सांगतं. 1997 मध्ये बँक सुरू झाली.

पण मला जास्त आवडतो तो पुढचा किस्सा. पासबुक नको, म्हणाल्या. का? नवऱ्याला शिल्लक कळते. मग कार्डाचा विचार सुरू झाला, तर पिन नको, अंगठा ठेवा. पिन कोणीही काढून घेईल, अंगठा कसा घेणार? मी ऑफिसात दिवसभर पिन, ओटीपी, पासवर्ड यांच्याशीच खेळतो, पण पिन विचारणारा चोर घरातलाच असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. क्यूआर लावताना तर नाहीच नाही.

तर आम्ही काय केलं? मावशीला स्मार्टफोन घेतला, सिम तिच्या नावावर, क्यूआर तिच्या बचत खात्याला. उद्यम नोंदणी केली. ती आधार नंबरवर, सरकारी साइटवर पूर्ण फुकट होते. सारख्या दिसणाऱ्या साइट्स पैसे मागतात, तिकडे फिरकू नका. रोख आली की दर सोमवारी थोडी खात्यात भरायची, हेही ठरलं. आता निदान सहा महिने तरी उतारा भरू द्यायचा, मग पुन्हा अर्ज.

काकांच्या खात्यातली तीन वर्षं मात्र इकडे आणता येत नाहीत. तो डेटा मायग्रेट होत नाही. मावशी मला काही बोलली नाही, फक्त विचारलं, "तेव्हाच माझं खातं का नाही रे जोडलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा फोन साधा होता, हे कारण मी सांगितलंसुद्धा नाही.

तुमच्या घरी आई, आत्या, वहिनी, कोणी शिलाई, डबे, पार्लर असं काही चालवत असेल, तर आज तिचा क्यूआर स्कॅन करा. पैसे पाठवू नका, नुसतं वर कोणाचं नाव येतंय ते बघा आणि मला कळवा.