हिरडीआडचा सुळा

माझ्या भाचीला तेरावे सरत आले तरी वरचा डावा सुळा आला नव्हता. त्या जागी दुधाचा सुळा घट्ट बसून होता. तालुक्याच्या गावी ओपीजी काढून आणली. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका लांब पट्टीत दाखवणारा एक्स-रे; आता तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात हरवलेला सुळा स्पष्ट दिसत होता, पटाशीच्या दातांच्या मुळांवर तिरपा आडवा पडलेला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. दाताचे डॉक्टर मात्र म्हणाले, "दिसला, पण कुठे आहे ते अजून कळायचंय."

मी दंतवैद्य नव्हे. पोटासाठी जमीन मोजण्याचे काम केले आणि मोजमापाच्या जुन्या पद्धतींचा नाद लागला म्हणून वाचत गेलो. पण डॉक्टरांचे म्हणणे मला लगेच पटले. एका ठाण्यावरून पाहिलेल्या झाडाची दिशा कळते, अंतर कळत नाही. एक्स-रे ही शेवटी सावलीच. सुळा मुळांच्या पुढे, ओठाच्या बाजूला असो की मागे टाळूकडे, समोरून पडणारी सावली जवळपास सारखीच असते. शस्त्रक्रियेला मात्र तेवढे एकच कळायला हवे असते. टाळूकडून कापायचे की ओठाकडून? चुकीच्या बाजूने गेले तर चांगले हाड उगाच कोरले जाते, दात सापडत नाही आणि शेजारच्या निरोगी मुळाला हत्यार लागू शकते.

अक्कलदाढेच्या खालोखाल अडकून राहणारा दात म्हणजे वरचा सुळा. शंभरात साधारण एक ते तीन जणांत तो अडकतो, मुलांपेक्षा मुलींत जास्त. त्याचा अंकुर जबड्यात फार उंचावर, नाकपुडीच्या बाजूला तयार होतो आणि तिथून त्याला सर्वांत लांबचा रस्ता उतरून यावे लागते. रस्ता लांब म्हणून चुकण्याची संधीही जास्त.

आता थोडे मागे जाऊ. राँटगेनने क्ष-किरणांवरचा आपला निबंध 28 डिसेंबर 1895 रोजी सादर केला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने काचेच्या पट्टीचा तुकडा काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून स्वतःच्या तोंडात धरला आणि दातांचा पहिला एक्स-रे घेतला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे किरणांसमोर हलला नाही. आज त्याच कामाला सेकंदाचा छोटा अंश लागतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने ही विद्या उत्साहाने उचलली. नळी नीट चालते आहे की नाही हे पाहायला तो दर वेळी आपलाच हात किरणांत धरी आणि पडद्यावर हाडे स्वच्छ दिसली की काम सुरू करी. त्या हाताला कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया होत बोटे गेली, हात गेला. 1928 मध्ये त्याने आत्महत्या केली. बॉस्टनचा दंतवैद्य विल्यम रोलिन्स 1901 पासूनच सांगत होता की नळी झाका, किरण हवे तेवढेच सोडा. त्याने गिनीपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात हे दाखवलेही होते. फार थोड्यांनी ऐकले.

एका सावलीवरून खोली कळत नाही, या अडचणीवर लंडनच्या चार्ल्स क्लार्कने 1910 मध्ये जो तोडगा मांडला तो आजही दवाखान्यात शिकवला जातो. फिल्म तोंडात त्याच जागी ठेवायची, नळी थोडी बाजूला सरकवायची आणि दुसरा फोटो घ्यायचा. बस्स. वाचकांनी हे घरी करून पाहावे. एक डोळा मिटा. दोन्ही हातांची तर्जनी डोळ्यासमोर एकामागे एक अशी धरा, की जवळच्या बोटाआड लांबचे झाकले जाईल. आता डोके उजवीकडे न्या. लांबचे बोट जवळच्या बोटाच्या उजवीकडे बाहेर येईल. म्हणजे ते तुमच्या डोक्यासोबत आले. एस्टीच्या खिडकीतून रस्त्याकडेची बाभळ मागे पळते आणि चंद्र गाडीबरोबर येतो, तेही यामुळेच. खगोलशास्त्रात याला लंबन म्हणतात. बेसेलने 1838 मध्ये एका ताऱ्याचे अंतर मोजले ते याच तत्त्वावर, फक्त त्याची दोन ठाणी म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची दोन टोके होती.

तोंडात नळी म्हणजे डोळा. ती गालाबाहेर असते, तेव्हा ओठाकडचा दात तिला जवळचा आणि टाळूकडचा लांबचा. नळी मागे दाढांकडे सरकवली आणि पटाशीच्या मुळाच्या तुलनेत सुळ्याची सावलीही दाढांकडे सरकली, तर सुळा टाळूकडे. उलट दिशेला गेली, तर ओठाकडे. विद्यार्थी यासाठी इंग्रजी आद्याक्षरांचा 'स्लॉब' हा शब्द पाठ करतात. मी भाचीला मराठीत सांगितले: सोबत आला तो आतला, उलट गेला तो बाहेरचा. (दोन्ही फोटोंत सुळा जागचा हलला नाही, तर तो मुळांच्या रांगेतच आहे असे समजायचे.)

आधीच ओपीजी असेल तर नळी वर-खाली नेऊनही हेच करता येते. ओपीजीत किरण किंचित खालून वर जातात. दुसरा फोटो वरून, मोठा कोन देऊन घेतला आणि सुळाही मुळांच्या टोकांकडे वर चढलेला दिसला, तर तो टाळूकडचा. पण आडव्या सरकवण्यापेक्षा या उभ्या पद्धतीत वाचणारे जास्त चुकतात, असे तुलना करणाऱ्यांना आढळले आहे. एकट्या ओपीजीतही एक खूण असते: टाळूकडचा सुळा दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा मोठा दिसतो, कारण त्या यंत्रात नळी डोक्यामागून फिरते आणि टाळूकडची वस्तू तिला जवळ पडते. या खुणेचा उपयोग शंका येण्यापुरता. तेवढ्यावर चाकू चालवू नये.

मग आले सीबीसीटी, म्हणजे शंकूसारखा पसरणारा किरणझोत डोक्याभोवती फिरवून संगणकाने घडवलेले त्रिमितीय चित्र. इटलीत व्हेरोनाच्या मोझ्झो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये असे यंत्र जाहीर केले. जपानमध्ये अराई यांचे काम त्याच सुमारास चालू होते. यात अंदाज करावा लागत नाही. जबड्याचे हवे तसे काप पडद्यावर पाडता येतात. सुळ्याच्या दाबाने शेजारच्या पटाशीचे मूळ झिजले असेल तर ते साध्या फिल्ममध्ये अनेकदा निसटते, कारण झीज पुढून किंवा मागून असते आणि मूळ स्वतःच तिला झाकते. त्रिमितीय चित्रे घेतल्यावर अशी झीज पूर्वी वाटे त्याच्या कितीतरी पट सापडू लागली.

एवढे असेल तर सरसकट तेच का काढू नये? पहिला प्रश्न किरणांचा. आपण पृथ्वीवर नुसते राहतो म्हणून वर्षाला सरासरी 2400 मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सार अंगावर घेतो. तोंडातल्या छोट्या फिल्मचा वाटा एका दिवसाच्या आसपास, ओपीजीचा दोन-चार दिवसांचा. सीबीसीटीचा मात्र यंत्र आणि क्षेत्र यांप्रमाणे काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत. मोठ्यांना हे फारसे नाही, पण सुळा शोधायचा असतो तो दहा-पंधरा वर्षांच्या मुलांत. म्हणून क्षेत्र लहान ठेवा, अख्खे डोके घेऊ नका, हे आईबापांनी मोकळेपणाने सांगावे. दुसरे म्हणजे जास्त दिसले की जास्त बरे होतेच असे नाही. खालच्या अक्कलदाढेचे मूळ ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला चिकटले आहे का, हे सीबीसीटीत छान दिसते. तरी ते काढून केलेल्या शस्त्रक्रियांत ओठ बधिर होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले नाही.

आणि सर्वांत आधीचे साधन बोट आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बोट फिरवले तर उतरणाऱ्या सुळ्याचा उंचवटा लागतो. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फोटो काढायची वेळ झाली. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी 1988 मध्ये दाखवले की दहा ते तेरा वर्षांच्या वयात नुसता दुधाचा सुळा काढला, तर टाळूकडे भरकटलेल्या 46 सुळ्यांपैकी 36 आपोआप वाटेवर आले. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत यश एवढे मिळाले नाही, पण फायदा दिसला. भाचीच्या हिरडीवर असे बोट कोणी फिरवले नव्हते. शाळेच्या तपासणीत दात मोजले गेले आणि संख्या बरोबर भरली, दुधाच्या सुळ्यासकट.

डॉक्टरांनी नळी सरकवून दोन छोट्या फिल्म घेतल्या. सुळा नळीसोबत आला. टाळूकडचा. बाजू ठरली आणि मला वाटले काम झाले. पण शेजारच्या पटाशीच्या मुळाचे टोक दुसऱ्या फिल्ममध्ये बोथट दिसत होते, आणि तो दात वाचेल की नाही यावर पुढचा सगळा बेत अवलंबून होता. म्हणून मग सीबीसीटी काढली, तेवढ्याच भागाची. मुळाचा सुमारे तिसरा हिस्सा मागून खाल्ला गेला होता. टाळू उघडून सुळ्याला बारीक साखळी चिकटवली आणि ओढताना आधी टाळूच्या मध्याकडे ओढले, मुळापासून दूर, मग खाली. दीड वर्ष तारा होत्या. सुळा जागेवर आहे. शेजारचा दात किंचित हलतो, त्याला आतून पातळ तार लावून ठेवली आहे. दर वर्षी एक छोटी फिल्म काढून त्याचे मूळ तपासायचे, एवढेच आता उरले आहे.