एकवीस की पंचेचाळीस?

या आठवड्यात शोधनिबंध वाचण्याबद्दल लिहायचे ठरले होते. ते पुढच्या वेळेवर ढकलतो, कारण कोल्हापूरहून नॅनोसायन्सच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे आणि तिचा प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही. तिने झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार केले. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखावरून शेररच्या सूत्राने आकार आला २०.९० नॅनोमीटर. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) रिपोर्टमध्ये मात्र सरासरी ४५. सीनियर म्हणतात, "एक्सआरडीचाच लिही, सगळे तोच लिहितात." ती विचारते, खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या वस्तूंची मापे आहेत. टीईएममध्ये अख्खा कण दिसतो. एक्सआरडी मोजते ते कणाच्या आतले, एका दिशेत सलग रचलेले स्फटिक. रव्याचा लाडू मोजणे आणि त्यातला रवा मोजणे, इतका हा फरक आहे. तिच्या पंचेचाळीसच्या कणात अनेक स्फटिक एकमेकांना चिकटून बसले असतील, तर तिच्या आकड्यांत भांडण उरतच नाही.

पॉल शेररने हे सूत्र १९१८ साली ग्योटिंगेनमध्ये मांडले, तेही कलिल कणांचा आकार क्ष-किरणांनी काढण्यासाठीच. म्हणजे आपल्या विषयाला 'नॅनो' हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधी. मर्म सोपे आहे: स्फटिकात अणूंचे थर जितके कमी, तितके पीक रुंद. ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी गुणिले थीटाचा कोसाइन. रुंदी रेडियनमध्ये घ्यायची. अंशातच ठेवली तर तिच्या आलेखावरून ०.३६ नॅनोमीटर येईल, आणि झिंक ऑक्साइडच्या एका एकक कोशाची उंचीच ०.५२ आहे! असा आकडा आल्यावर हात आपोआप थांबला पाहिजे.

तिने आलेख सोबत पाठवला, हे फार चांगले केले. ३६.३ अंशांजवळचे सर्वांत उंच पीक ०.४० अंश रुंद आहे. पण ही सगळी रुंदी सॅम्पलची नाही, थोडी यंत्राची स्वतःचीही आहे. ती समजा ०.१० अंश आहे. पीकचा आकार गाऊसियन मानून ती वजा केली, तर उत्तर २१.६ येते. लोरेंत्झियन मानून केली, तर २७.९. आलेख तोच, सॅम्पल तेच, आणि उत्तरात सहा नॅनोमीटरचा फरक केवळ आपण काय गृहीत धरले त्यामुळे. मग २०.९० मधल्या त्या दशांश चिन्हापुढच्या शून्याला काय अर्थ राहतो? यंत्राची रुंदी कळायला सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्झाबोराइडचे प्रमाण सॅम्पल त्याच स्लिटवर घेतलेले असावे लागते. आपल्याकडे बहुतेक सॅम्पले बाहेरच्या सेंटरला जातात, परत येते ती पीडीएफ. ऑपरेटरला फोन करून प्रमाण सॅम्पलचा आलेख आणि मूळ डेटा फाइल मागणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. मागितल्यावर सहसा मिळते, हेही सांगतो.

आता माझा आवडता मुद्दा. तिने तीन पीकवरून तीन आकार काढले आणि त्यांची सरासरीही लिहिली. बहुतेक डिझर्टेशनांत हेच असते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. शेररचे सूत्र प्रत्येक पीकमागे वेगळ्या दिशेतली लांबी सांगते. झिंक ऑक्साइडचा स्फटिक षट्कोनी, आणि तो उभा वाढायला उत्सुक. ३४.४ अंशांचे (००२) पीक उभ्या अक्षाच्या दिशेने मोजते, ३१.८ चे (१००) आडव्या दिशेने. (००२) बारीक आणि (१००) रुंद असेल, तर स्फटिक गोल नसून कांडीसारखे लांबट आहेत, आणि हे टीईएम न पाहताही कळते. सरासरी काढली की ती कांडी पुसली जाते. शिवाय मोठ्या कोनाकडची पीके जास्तच रुंद होत असतील, तर स्फटिकात ताण असल्याची शंका घ्यावी. त्यासाठी १९५३ ची विल्यमसन-हॉल पद्धत आहे, आलेखाच्या कागदावर अर्ध्या तासात होते.

टीईएमच्या पंचेचाळीसवरही डोळे झाकून विश्वास नको. रिपोर्टमधले चित्र सहसा सुंदर दिसणाऱ्या कोपऱ्याचे असते. सगळ्या प्रतिमा मागवून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निदान दोनशे कण स्वतः मोजावेत, घोळक्यातलेसुद्धा. इथे एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक्सआरडीच्या सरासरीत मोठ्या स्फटिकांना जास्त वजन मिळते. कणात अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून एक्सआरडीचा आकडा टीईएमपेक्षा लहान आला तर आश्चर्य नाही; पण या वजनामुळे तो मोठाही येऊ शकतो, तेव्हा मोठा आला म्हणून मोजणी चुकलीच असे लगेच समजू नये, मोजलेले कण सॅम्पलचे प्रतिनिधी आहेत का ते मात्र तपासावे.

डिझर्टेशनमध्ये तिने दोन्ही आकडे लिहावेत, पण प्रत्येकाशेजारी कशाचे माप, कोणते पीक, यंत्राची रुंदी कशी वजा केली आणि किती कण मोजले हेही लिहावे. व्हायवात परीक्षक विचारतील ते इथेच. आणि (१००), (००२) व (१०१) यांच्या रुंदी वेगवेगळ्या लिहून मला पाठवाव्यात. कांडी निघाली, तर शोधनिबंध वाचण्याचे प्रकरण आणखी एक आठवडा पुढे जाईल.