अतिवृष्टीची मदत, भाग चौथा : पैसे पडतात कुठे?

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी होते. त्या पावसाने पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्याचे पंचनाम्यात आले, तर शेतकरी मदतीला पात्र ठरतो. 2015पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. पंचनामा कसा होतो, ते गेल्या आठवड्यात आले. या भागात त्यापुढची वाट आहे, तहसील कचेरीतून निघालेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंतची.

मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. महाराष्ट्रात या निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 रुपये आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असे आहेत, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकार एखाद्या वर्षी आपल्या पदरची भर घालते. 2022च्या पावसाळ्यात जिरायतीला हेक्टरी 13,600 रुपये आणि 3 हेक्टरपर्यंत मदत मिळाली ती अशीच. म्हणून शेजारच्या गावात कोणी काय आकडा सांगतो यापेक्षा त्या हंगामाचा शासन निर्णय पाहावा.

पूर्वी तहसीलदार बँकेला एक धनादेश आणि सोबत नावांची यादी पाठवत. बँकेतला कारकून एकेक खाते शोधून रक्कम जमा करी आणि त्यात महिने जात. आता तलाठ्याने केलेली यादी तहसीलमार्फत संगणकावर चढते आणि प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो घेऊन आपले सरकार केंद्रात किंवा सीएससीत जायचे आणि आधार प्रमाणीकरण, म्हणजे ई-केवायसी करायची. 2025च्या अतिवृष्टीत फार्मर आयडी असलेल्यांना या फेरीतून सूट मिळाली, पण ज्यांचा आयडी निघालेला नव्हता त्यांना ती चुकली नाही.

केंद्रातली अडचण बहुधा बोटांची असते. कांद्याची लागवड आणि कापसाची वेचणी करून वर्षानुवर्षे घासलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. चालक अंगठा पुसायला सांगतो, मग दुसरे बोट, मग तिसरे, आणि पडद्यावर पुन्हा लाल अक्षरे. अशा वेळी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. मात्र तो नंबर चालू हवा. सिम बदलले आणि आधारला जुनाच नंबर राहिला, तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घेणे भाग पडते. पाऊस यायच्या आधीच हे काम उरकलेले बरे.

पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच फार थोड्यांना ठाऊक असतो. शेतकरी तलाठ्याकडे पासबुकाची झेरॉक्स देतो आणि पैसे त्याच खात्यात येतील असे धरून चालतो. आधारवर आधारलेल्या भरण्यात खातेक्रमांक पाहिलाच जात नाही. रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते. तो क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, याची नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते. या नोंदीत एका आधारापुढे एकच बँक असते, शेवटी जोडलेली. पैसा त्या बँकेकडे जातो आणि ती बँक तो आपल्याकडच्या खात्यात टाकते.

म्हणून ‘खात्याला आधार लिंक आहे’ आणि ‘आधार सीडिंग झाले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केवायसीसाठी असते आणि एकाच माणसाच्या चार खात्यांना ती करता येते. अनुदानाचा रस्ता ठरतो तो दुसरीवर. पीककर्ज जिल्हा बँकेत, जनधन खाते राष्ट्रीयीकृत बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात सिम घेताना न कळत उघडलेले तिसरेच एखादे, अशी स्थिती असेल तर पैसे नेमके त्या तिसऱ्यात पडलेले असू शकतात. 2017 साली स्वयंपाकाच्या गॅसच्या अनुदानाबाबत हे मोठ्या प्रमाणावर घडले. सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या अंगठ्यावर ग्राहकांची खाती उघडली गेली आणि अनुदान तिकडे वळले. त्यानंतर, आधीची बँक बदलायची असेल तर ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचा नियम कडक झाला. आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगच्या स्थितीत दिसते. ‘अजून पैसे पडले नाहीत’ म्हणत तहसीलच्या खेपा घालण्याआधी तिथे एकदा पाहून घ्यावे.

रक्कम परतही जाते. खाते बंद असेल किंवा केवायसी थकल्यामुळे गोठवलेले असेल, तर बँक ती नाकारते. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरले जाते. ते पुन्हा चालू करायला बँक शुल्क आकारू शकत नाही. सामाईक सातबाऱ्यावर सर्व खातेदारांची संमती आणि मृत खातेदाराच्या जागी वारसनोंद लागते. भावाभावांत वाद असला की अनेकदा घोडे तिथेच अडते.

पैसे पडल्यावर काढणे उरते. तीन एकर सोयाबीन, म्हणजे साधारण 1 हेक्टर 20 आर, जिरायती दराने 10,200 रुपये होतात. गावातल्या बँक मित्राच्या हातयंत्रावर आधार आणि अंगठा देऊन काढायचे तर एका व्यवहाराची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे, त्यामुळे वरचे 200 वेगळे काढावे लागतात. पोस्टमनकडेही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे असेच यंत्र असते. अंगठा ‘लागला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा मागितला, तर आधी शिल्लक तपासून घ्यावी. पावती प्रत्येक वेळी घ्यावीच. दोनदा अंगठा घेऊन एकदाच पैसे देण्याची फसवणूक होते, आणि अशा वेळी पावती नसेल तर भांडायला हातात काहीच राहत नाही.

बँकेच्या शाखेत वेगळाच घोर लागतो. थकीत पीककर्ज असलेल्या खात्यात मदत पडली की बँक ‘होल्ड’ लावते किंवा रक्कम परस्पर कर्जात वळती करते, अशा तक्रारी दरवर्षी येतात. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जवसुलीसाठी वळती करू नये, अशी स्पष्ट सूचना असते. ही मदत पुढच्या पेरणीच्या बियाण्याखतासाठी दिलेली असते, तिच्यावर मागच्या कर्जाने हात मारणे हा अन्यायच आहे. तसे घडले तर शासन निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत तहसीलदाराकडे द्यावी. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.