गिळलेला राग जातो कुठे?

संध्याकाळची वेळ, बंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक आणि जागची न हलणारी वाहनांची रांग. कुणी स्टिअरिंगवर हात आपटतो, कुणी दात-ओठ खात गप्प बसतो, तर कुणी ‘आज उशीर होणारच’ असं धरून घरी फोन लावतो. कोंडी एकच, पण तिघांच्या शरीरात वेगवेगळं घडत असतं.

यातल्या गप्प बसणाऱ्याला आपण संयमी म्हणतो. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र निराळं सांगतो. त्यांनी विद्यार्थ्यांना किळस वाटेल अशी चित्रफीत दाखवली. काहींना बजावलं, की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे शांत राहिले, पण डोळ्यांची उघडझाप वाढली, त्वचेला सुटणारा सूक्ष्म घामही वाढला. किळस मात्र तेवढीच राहिली!

भावना दाबण्याची झळ समोरच्यालाही लागते. एमिली बटलर यांच्या २००३ च्या प्रयोगात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांनी अस्वस्थ करणारी चित्रफीत पाहून तिच्याबद्दल गप्पा मारल्या. एकीला भावना लपवायला सांगितलं होतं, तर ते ठाऊक नसलेल्या दुसरीचा रक्तदाब चढला.

त्याच वर्षी ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांना आढळलं, की प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहणारे लोक अधिक समाधानी असतात. भावना दाबण्याची सवय असणाऱ्यांत समाधान कमी आणि नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. फोन लावणारा तो तिसरा माणूस नेमकं हेच करतो: राग पुरता भडकण्याआधीच तो प्रसंगाचा अर्थ बदलतो.

पण हे निष्कर्ष आपल्या घरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आशियाई मूल्यं मानणाऱ्या स्त्रियांत भावना आवरण्याचे दुष्परिणाम कमी दिसतात, असं बटलर यांनाच २००७ मध्ये आढळलं. वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढवणं म्हणजे कोंडमारा नव्हे. सुनेनं वर्षानुवर्षं तोंड मिटून राहणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिला संस्कार म्हणणं अन्यायाचं आहे.

नजर बदलणं सरावानं जमतं, मानसोपचारांत ते शिकवलंही जातं. एकट्यानं जमत नसेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या राष्ट्रीय सेवेची मध्यवर्ती संस्था बंगळुरूचीच, होसूर रस्त्यावरची निम्हान्स. या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही.