किमो चालू असताना चालायचं का?

स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो सुरू झाली की घरचे मायेनं म्हणतात, "तू पडून राहा." सलाईन लागलं त्या दिवशी, अंगात त्राण नसेल तेव्हा, ठीक आहे. पण पुढच्या सलाईनपर्यंत पडूनच राहिलं, तर नुकसान आपलंच.

आपल्या रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. रक्त जोरात वाहिलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यानं वाहिनी सैल होते. किमोची काही औषधं, लघवी लाल करणारं डॉक्सोरुबिसिन त्यातलंच, या अस्तराला आणि हृदयालाही इजा करू शकतात. म्हणून औषध सोडायचं नाही हं! चालायचं. चाललं की रक्ताचा वेग वाढतो, अस्तर कामाला लागतं.

"दिवसभर राबतेच की मी!" खरंय. पण धुणीभांडी म्हणजे वाकणं, थांबणं. चालणं सलग हवं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं. आधी १० मिनिटं अंगणात, मग हळूहळू ३० मिनिटं, आठवड्यातून ३ वेळा. शेजारणीला सोबत घ्या.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. कॅन्सर हाडात गेला असेल किंवा अंगात रक्त कमी असेल, तर विचारल्याशिवाय नकोच. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त भरला, तर चालणं राहू द्या, रात्र असली तरी दवाखाना गाठा. किमोतला ताप अंगावर काढायचा नसतो. छातीत दुखलं, चक्कर आली, एकच पाय सुजला, तरीही तसंच करा.